अल्पखर्ची चित्रपटाचा हिशेब : ‘श्वास’, ‘कासव’, ‘पिकासो’ आणि आंबोलीचा पाऊस

बीजसंज्ञा : अल्पखर्ची चित्रपट, स्वतंत्र निर्मिती, सिंधुदुर्ग, आंबोली, दशावतार, स्थळ, वितरण

प्रस्तावना

मराठी चित्रपटाविषयीच्या लेखनात ‘अत्यंत कमी खर्चात’ हा शब्दप्रयोग गेली वीस वर्षे प्रशस्तिपत्रकासारखा वापरला जात आहे. एखादा चित्रपट मोजक्या लाखांत आणि मोजक्या दिवसांत पूर्ण झाला, हे सांगितले की समीक्षकाचे अर्धे काम झाले असे मानण्याची सवय पडली आहे. खर्चाचा आकडा हा गुणवत्तेचा पुरावा कसा ठरतो, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. कमी खर्चात वाईट चित्रपटही निघतात, किंबहुना बहुसंख्येने तेच निघतात. त्यांचे आकडे कोणी उद्धृत करीत नाही, इतकेच.

प्रस्तुत लेखात या आकड्याकडे अर्थशास्त्रीय कुतूहल म्हणून नव्हे, तर समीक्षेचा विषय म्हणून पाहिले आहे. अल्प खर्च हा चित्रपटाच्या आशयरूपात कोठे दिसतो, तो कोणाच्या खात्यावर टाकला जातो आणि ज्या भूप्रदेशात चित्रण होते त्या भूप्रदेशाशी त्याचे नाते काय असते, हे तीन प्रश्न येथे विचारात घेतले आहेत. विवेचनासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्याशी निगडित तीन चित्रपट निवडले आहेत : संदीप सावंत दिग्दर्शित ‘श्वास’ (२००४), सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ (२०१७) आणि अभिजीत वारंग यांचा ‘पिकासो’ (२०२१). सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीला मिळवून देणाऱ्या ‘श्यामची आई’, ‘श्वास’, ‘देऊळ’, ‘कोर्ट’ आणि ‘कासव’ या पाच चित्रपटांपैकी दोहोंचे चित्रण या एका जिल्ह्यात झाले, ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येण्यासारखी नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावरील आंबोली हे सावंतवाडी तालुक्यातील गाव येथे कोणत्या एका चित्रपटाचे चित्रणस्थळ म्हणून आलेले नाही. अल्पखर्ची निर्मितीचे गणित तपासण्याची कसोटी म्हणून ते घेतले आहे. निसर्ग फुकट मिळतो, हे या निर्मितीचे सर्वांत जुने गृहीतक आहे. आणि महाराष्ट्रात निसर्ग जर कोठे ओसंडून मिळत असेल, तर तो आंबोलीस मिळतो.

आकड्याचे वाचन

‘श्वास’च्या संदर्भात सुमारे ३० लाख रुपये आणि सुमारे ३० दिवस हे दोन आकडे वृत्तपत्रांतून व चर्चासत्रांतून इतक्या वेळा आले आहेत, की ते चित्रपटाच्या उपशीर्षकासारखे वाटू लागले आहेत. अरुण नलावडे, संदीप सावंत आणि त्यांचे सहकारी यांनी मिळून ही निर्मिती केली. एका धनिक निर्मात्याऐवजी अनेकांनी आपापला वाटा उचलावा, ही सहकाराच्या महाराष्ट्राला अपरिचित नसलेली रीत येथे चित्रपटाला लागू झाली. हा तपशील आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे. कारण जेथे नट, दिग्दर्शक आणि निर्माता या भूमिका एकमेकींत मिसळतात, तेथे मानधन हे खाते एक तर उशिरा भरले जाते किंवा भरलेच जात नाही. जमाखर्चाच्या वहीत ते दिसत नाही, म्हणून चित्रपट स्वस्त दिसतो.

ही रीत भारतीय चित्रपटाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून इंग्लंड गाठले आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित केला, हे सर्वज्ञात आहे. परंतु कच्च्या फिल्मला कडेची छिद्रे पाडण्याचे, रसायनांत फिल्म धुण्याचे आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करण्याचे काम सरस्वतीबाई फाळके करीत होत्या, हे सांगताना चरित्रकारांचा सूर पत्नीधर्माच्या कौतुकाचा असतो. हिशेबाच्या भाषेत तो तंत्रज्ञ आणि भोजनव्यवस्थापक अशा दोन पदांचा न दिलेला पगार होय. पहिल्या भारतीय कथापटापासून अल्पखर्ची निर्मितीतील हे अदृश्य खाते चालू आहे. पुढील काळात त्यात घरातल्या माणसांबरोबर मित्र, नाट्यसंस्थेतील सहकारी आणि शिकाऊ विद्यार्थी यांची भर पडली.

दुसरा भाग यंत्रसामग्रीचा आहे आणि त्यात काळानुसार मोठा बदल झाला. ‘श्वास’च्या वेळी चित्रण फिल्मवर होत असे. पस्तीस मिलिमीटरच्या हजार फुटी रिळात सुमारे ११ मिनिटांचे चित्रण मावते. दोन तासांच्या चित्रपटासाठी प्रत्येक दृश्य सरासरी चार वेळा घ्यायचे म्हटले तरी ४८० मिनिटांची फिल्म, म्हणजे सुमारे ४३ रिळे लागतात. शिवाय धुलाई आणि प्रतींचा खर्च वेगळा. चौथा टेक घ्यायचा की तिसऱ्यावर समाधान मानायचे, हा निर्णय तेव्हा सौंदर्यशास्त्रीय असण्यापूर्वी आर्थिक असे. यातून एक शिस्त निर्माण होई : तालमी आधी, कॅमेरा नंतर. रंगभूमीवरून आलेल्या मंडळींना ही शिस्त अंगवळणी पडलेली होती आणि अल्पखर्ची मराठी चित्रपट प्रामुख्याने रंगकर्मींनीच का केला, याचे एक उत्तर येथे सापडते.

डिजिटल कॅमेऱ्याने फिल्मचा खर्च जवळजवळ नाहीसा केला. त्याबरोबर निर्मिती स्वस्त झाली असा समज पसरला. प्रत्यक्षात खर्चाने जागा बदलली. आज महाग आहे तो दिवस. चाळीस माणसांचे जेवण, मुक्काम, वाहन आणि भाड्याची सामग्री यांचे मीटर रोज सकाळी सुरू होते. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’चे (२०१४) उदाहरण या बाबतीत बोलके आहे. व्यावसायिक ताऱ्यांऐवजी बहुतांश नवख्या माणसांना घेऊन केलेल्या या चित्रपटाला निर्माता आणि प्रमुख नट अशा दोन्ही नात्यांनी विवेक गोम्बर यांचे पाठबळ होते. ताऱ्यांवर वाचलेला पैसा तेथे वेळेवर खर्च झाला. स्थिर, लांब दृश्ये पुन्हा पुन्हा घेण्याची उसंत त्यातून मिळाली. त्यामुळे ‘कोर्ट’ आणि ‘श्वास’ यांना ‘कमी खर्चाचे चित्रपट’ या एकाच कप्प्यात टाकणे दिशाभूल करणारे ठरते. एकाने काटकसर करून वेळ विकत घेतला, दुसऱ्याला वेळातच काटकसर करावी लागली.

‘श्वास’ : दोन स्थळे आणि एक निर्णय

माधवी घारपुरे यांच्या दिवाळी अंकातील कथेवर आधारलेल्या ‘श्वास’ची गोष्ट एका वाक्यात सांगता येते. कोकणातील एका लहान मुलाच्या डोळ्यांना कर्करोग झाला आहे. जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागतील, आणि हे त्याला शस्त्रक्रियेपूर्वी कोणीतरी सांगितले पाहिजे. अरुण नलावडे यांनी साकारलेला आजोबा, अश्विन चितळे याचा परशुराम, संदीप कुलकर्णी यांचे डॉक्टर आणि अमृता सुभाष यांची समाजसेविका अशी मोजकी माणसे. स्थळेही मोजकीच : इस्पितळ आणि गाव.

अल्प खर्चाचा परिणाम चित्रपटाच्या रूपात शोधायचा असेल तर तो येथे आहे. इस्पितळातील प्रतीक्षा हा या चित्रपटाचा खरा अवकाश होय. बाके, मार्गिका, केसपेपर, बंद दारे. या जागा सजवाव्या लागत नाहीत आणि त्यांचे सौंदर्यही नसते, पण वाट पाहणाऱ्या माणसाचा चेहरा तेथे उघडा पडतो. महागड्या निर्मितीत शस्त्रक्रिया हा उत्कर्षबिंदू झाला असता. ‘श्वास’ने तो शस्त्रक्रियेच्या आधी ठेवला. आजोबा मुलाला घेऊन इस्पितळातून कोणालाही न सांगता निघून जातो आणि त्याला जग दाखवून परत आणतो, हा कथेचा मध्यबिंदू आहे. नाट्य येथे घटनेत नाही. सांगणे आणि दाखवणे यांतील फरकात आहे. डॉक्टर सत्य सांगण्याचा आग्रह धरतात, आजोबा मुलाला शेवटचे पाहू देतो. वैद्यकीय नीती आणि आजोबाची माया यांतील हा वाद प्रचंड सामग्रीने अधिक प्रभावी झाला नसता. साधनांची मर्यादा आणि आशयाची गरज येथे एका रेषेत आली, म्हणून ‘श्वास’ उभा राहिला. काटकसर केली म्हणून तो उभा राहिला असे म्हणणे म्हणजे कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करणे होय.

मात्र गावाच्या चित्रणाबाबत हीच दाद देता येत नाही. संजय मेमाणे यांच्या छायाचित्रणातील कोकण हिरवे, ओले आणि प्रसन्न आहे. कथेला ते तसे हवेच आहे, कारण जे गमवायचे ते सुंदर असल्याशिवाय गमावण्याचे दुःख कळत नाही. तरीही हे गाव इस्पितळाइतके खरे वाटत नाही. इस्पितळात रांग आहे, खाट मिळण्याची अडचण आहे, कागदावर सही कोणी करायची हा पेच आहे. गावात पाणी, झाडे, पायवाट आणि आठवण. पात्रांची बोली कोकणी वळणाची असली तरी ती पूर्णतः मालवणी नाही. शहर व्यवहारात दिसते आणि गाव स्मरणात दिसते, ही विभागणी कथनतंत्राने समर्थनीय ठरेल. परंतु पुढच्या अनेक चित्रपटांनी ती तंत्र म्हणून न घेता सवय म्हणून घेतली. कोकण म्हणजे डोळ्यांना सुख देणारी आणि निर्मात्याला पैसे न मागणारी जागा, असा ग्रह त्यातून दृढ झाला.

दशावताराचे बाकडे आणि ‘पिकासो’

सिंधुदुर्गात कमी साधनांत कथा उभी करण्याची परंपरा चित्रपटाच्या कितीतरी आधीची आहे. जत्रेच्या रात्री देवळाच्या आवारात दशावतारी नाटक उभे राहते ते एका बाकड्यावर. तेच बाकडे इंद्राचे सिंहासन, तोच रथ, तोच पर्वत. पेटाऱ्यातील वेष नट स्वतः चढवतो, आपला चेहरा आपणच रंगवतो. स्त्रीभूमिका पुरुषच करतात. संहिता लिखित नसते. आख्यान कोणते आणि प्रसंग कोणत्या क्रमाने हे आधी ठरते, संवाद रंगमंचावर जन्मतात. हार्मोनियम, पखवाज आणि झांज यांच्या आधारावर रात्र सरते. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर अशी मंडळांची नावे या भागातील प्रेक्षकाला कोणत्याही चित्रपट कंपनीपेक्षा अधिक परिचित आहेत.

या परंपरेला कोणी ‘अल्पखर्ची नाटक’ म्हणत नाही. बाकडे हे राजवाड्याला पर्याय म्हणून ठेवलेले नसते. राजवाडा उभारण्याचा विचारच त्या रूपात नाही. साधनांची कमतरता लपवण्याची धडपड जेथे संपते, तेथे रूप सुरू होते. आज लहान चित्रपट काढू पाहणाऱ्याला या एका बाकड्यापासून जेवढे शिकता येईल तेवढे चित्रपटनिर्मितीवरील मार्गदर्शक पुस्तकांतून मिळणे कठीण.

अभिजीत वारंग यांचा ‘पिकासो’ हे जाणून आहे. ६७व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळालेला हा चित्रपट लांबीने लहान आणि कथेने त्याहून लहान आहे. गंधर्व हा शाळकरी मुलगा चित्रकलेच्या स्पर्धेत निवडला गेला आहे. पुढे जाण्यासाठी शुल्क भरायचे आहे आणि मुदत जवळजवळ संपली आहे. वडील पांडुरंग, म्हणजे प्रसाद ओक, दशावतारी नट आहेत. व्यसनाने आणि कर्जाने खचलेले आहेत आणि दुसऱ्या गावी नाटकासाठी गेले आहेत. मुलगा त्यांना गाठतो. नाटक सुरू होते.

येथे निर्मितीच्या हिशेबाचे आणि कथेच्या हिशेबाचे विलक्षण ऐक्य साधले आहे. चित्रपटाचा सारा ताण एका क्षुल्लक रकमेवर तोललेला आहे. इतकी क्षुल्लक, की शहरी प्रेक्षकाला तिच्यासाठी एवढी धावपळ का, असे वाटावे. परंतु ज्या घरात ती नसते, त्या घरात तिला क्षुल्लक म्हणण्याची सोय नसते. मोठ्या खर्चाचा चित्रपट ही रक्कम प्रेक्षकाला खरी वाटू देऊ शकला नसता. चित्रचौकट स्वतः श्रीमंत असेल तर त्यातले दारिद्र्य वेषभूषेसारखे दिसू लागते. ‘पिकासो’त तसे होत नाही. दशावतार येथे लोककलेचा नमुना म्हणून मध्येच दाखवलेला नाही. कथेचा निकाल त्या प्रयोगातच लागतो. बाप कलावंत म्हणून उरला आहे की नाही हे मुलाला, आणि बापालाही, तेथेच कळते.

उणीव एकच जाणवते. शेवटाकडे प्रयोगाला आणि कलेच्या थोरवीला थोडे अधिक शब्द मिळतात. नटाच्या देहबोलीने जे सांगून झाले आहे ते संवादाने पुन्हा सांगितले जाते. प्रेक्षकाला कळले नाही तर, ही धास्ती मराठी दिग्दर्शकाचा पाठलाग सहसा सोडत नाही. सुबोध खानोलकर यांच्या २०२५ साली गाजलेल्या ‘दशावतार’ या चित्रपटाशी ‘पिकासो’ची तुलना उद्बोधक ठरेल. त्यातही दिलीप प्रभावळकर यांच्या रूपाने एक दशावतारी नट केंद्रस्थानी आहे, पण तेथे या कलेची भव्यता पडद्याच्या आकाराला साजेशी वाढवलेली आहे. ती वाढवणे गैर नव्हे. मात्र बाकड्याचा रथ होताना पाहण्याचा आनंद त्यात उरत नाही, कारण तेथे रथच आणता येतो.

आंबोलीचा पाऊस : फुकट निसर्गाची किंमत

समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीत वर्षाकाठी सरासरी सात हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सावंतवाडी येथून सुमारे ३० किलोमीटर आणि तेथून वेंगुर्ल्याचा किनारा तेवढ्याच अंतरावर. घाटमाथा, तळकोकण आणि समुद्र हे तीन भूप्रदेश एकाच दिवसाच्या प्रवासात मिळत असल्याने अल्पखर्ची निर्मात्याच्या कागदावर हा परिसर आदर्श ठरतो. धुके, धबधबे, कावळेसादची दरी, हिरण्यकेशीचा उगम. यांपैकी कशालाही नेपथ्यकार लागत नाही.

कागद बाजूला ठेवून घाटात उभे राहिले की हे गणित उलटे फिरू लागते. पहिली अडचण प्रकाशाची. पाऊस डोळ्यांना दिसतो तसा कॅमेऱ्याला दिसत नाही; थेंब चौकटीत उमटायचे तर त्यांच्या मागून प्रकाश हवा. म्हणजे दिवे हवेत, दिव्यांसाठी जनित्राची गाडी घाट चढून यावयास हवी आणि भर पावसात विजेची सामग्री सांभाळणारी माणसे हवीत. दुसरी अडचण सातत्याची. धुके उतरते आणि विरते यांत काही मिनिटांचे अंतर असते. संवादाचे एक वाक्य धुक्यात आणि त्याचे उत्तर लख्ख उजेडात, असे झाले तर दोन्ही वाया. तिसरी अडचण आवाजाची आहे आणि तिचा विचार सर्वांत कमी केला जातो. पत्र्यावर किंवा कौलांवर कोसळणाऱ्या पावसात जागीच ध्वनिमुद्रण करणे जवळजवळ अशक्य असते. मग नटांना नंतर ध्वनिमुद्रणगृहात बोलावून संवाद भरावे लागतात. नवख्या, स्थानिक नटाला हे काम सर्वांत जड जाते. ज्या अकृत्रिम बोलण्यासाठी त्याला घेतले, तेच हरवते. भिंगांवर साचणारी वाफ, न वाळणारे कपडे, बंद पडलेला घाट आणि शनिवार-रविवारी धबधब्याकडे लोटणारी पर्यटकांची गर्दी यांची भर वेगळी. पाऊस थांबण्याची वाट पाहत काढलेला दिवस निर्मात्याला भरलेल्या दिवसाइतकाच पडतो. म्हणून पडद्यावरचा पुष्कळसा पाऊस टँकरचा असतो. ऐकताना विनोद वाटेल, पण कमी पैशांत पाऊस दाखवायचा असेल तर आंबोलीला न जाणे शहाणपणाचे.

आणि तरीही जायचे असेल तर? उत्तर वेळात आहे. बाहेरून पंधरा दिवसांसाठी आलेल्या चमूला आंबोलीचा पाऊस परवडत नाही. जो तेथेच राहतो, ज्याची पटकथा पावसाला बांधलेली नाही तर पावसाकडून बदलून घेण्याइतकी मोकळी आहे आणि ज्याचा चमू पाच-सात जणांचा आहे, त्याला तो परवडू शकतो. येथे अल्प खर्च ही तडजोड न राहता पूर्वअट होते. जयंत सोमलकर यांनी ‘स्थळ’ (२०२३) या चित्रपटात चंद्रपूर जिल्ह्यातील डोंगरगावात गावकऱ्यांनाच नट म्हणून उभे केले. विदर्भाच्या कोरड्या मुलखातील ते उदाहरण घाटमाथ्याला जसेच्या तसे लागू पडणार नाही. परंतु गाव हे चित्रणस्थळ न राहता चित्रपटाचा सहभागी झाल्यावर काय घडते, हे त्यातून कळते.

‘कासव’कडे या दृष्टीने पाहता संमिश्र मत होते. देवगडच्या किनाऱ्यावरील घर, समुद्री कासवांच्या अंड्यांचे रक्षण करणारे दत्ताभाऊ (डॉ. मोहन आगाशे), नैराश्यातून सावरलेली जानकी (इरावती हर्षे) आणि तिने आधार दिलेला, जगणे नाकारणारा तरुण (आलोक राजवाडे) यांची ही कथा आहे. भावे-सुकथनकर यांनी वर्षानुवर्षे अल्प साधनांत काम केले. सुमित्रा भावे यांची पार्श्वभूमी समाजकार्याच्या अध्यापनाची होती आणि त्यांच्या चित्रपटांतील माणसे ऐकून घेतलेली असतात, हा त्यांचा मोठा गुण. ‘कासव’चा संथपणा हा मंदपणा नव्हे. मन मिटून घेतलेल्या माणसाजवळ बसून राहण्याची ती गती आहे आणि घाईच्या वेळापत्रकात ती मिळत नाही. परंतु किनारा येथेही प्रामुख्याने उपचारासाठी आहे. दुखणे शहरातून येते, समुद्र ते बरे करतो. किशोर कदम यांच्या यदूसारखी स्थानिक पात्रे आपुलकीने रंगवली असली तरी त्यांचे स्वतःचे दुखणे काय, हे विचारण्याची उसंत कथेला नाही.

आंबोली, चौकुळ आणि गेळे या गावांचेच पाहता येईल. कबुलायतदार गावकर पद्धतीच्या जमिनींचा तेथील प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. सावंतवाडी संस्थानच्या काळापासून गावकऱ्यांनी सामाईकपणे कसलेल्या जमिनीच्या सातबाऱ्यावर ‘महाराष्ट्र शासन’ अशी नोंद झाली आणि आपल्याच घराखालची जागा आपली म्हणून दाखवणे लोकांना दुरापास्त झाले. धबधब्याच्या दृश्यासाठी परवानगी मागणारा निर्माता ज्या गावकऱ्याशी बोलतो, तो या प्रश्नात अडकलेला माणूस असतो. ‘श्वास’ने इस्पितळातील कागदाला, सहीला आणि रांगेला जे नाट्यमूल्य दिले, ते सातबाऱ्याच्या उताऱ्यात, तलाठ्याच्या कार्यालयात आणि न मिळणाऱ्या कर्जात नाही काय? हे कथानक उभे करायला धबधबा लागत नाही, दिवेही फारसे लागत नाहीत. गेल्या दोन दशकांत कोकणात जो कॅमेरा फिरला, त्याने दरी टिपली आणि दरीच्या काठची जमीन कोणाची हे विचारले नाही. अल्पखर्ची चित्रपटाची खरी गरिबी पैशाची नसून या कुतूहलाची आहे, असे म्हणण्यास जागा आहे.

चित्रपट पूर्ण झाल्यानंतर

निर्मितीचा खर्च कमी करता येतो. प्रेक्षकापर्यंत पोहोचण्याचा खर्च निर्मात्याच्या हातात नसतो. ‘श्वास’ २००४ साली ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका ठरला. अमेरिकेत चित्रपट दाखवणे, जाहिरात करणे आणि मतदारांपर्यंत पोहोचणे यांसाठी लागणारा पैसा निर्मात्यांजवळ नव्हता. शासन, संस्था, नामवंत व्यक्ती आणि शाळकरी विद्यार्थी यांच्यापर्यंत वर्गणीची हाक गेली. चित्रपटाला अखेर नामांकन मिळाले नाही. तो उत्साह लोभस होता, यात शंका नाही. पण निर्मितीसाठी काटकसर आणि प्रसिद्धीसाठी वर्गणी, या दोहोंच्या मध्ये असावयाची ती वितरणाची व्यवस्था मराठीत नव्हती, हे त्या प्रसंगाने दाखवून दिले. वर्गणीच्या कौतुकात ते झाकले गेले.

राज्य शासनाची मराठी चित्रपटांसाठीची अनुदान योजना उपयुक्त आहे, पण तिचे पैसे चित्रपट पूर्ण होऊन, प्रमाणित होऊन, परीक्षण समितीने दर्जा ठरवल्यानंतर मिळतात. ज्याच्याजवळ आधी पैसे आहेत किंवा कर्ज काढण्याची हिंमत आहे, त्याला ती आधार देते. ज्याच्याजवळ फक्त पटकथा आहे, त्याच्यासाठी तिच्यात फारसे काही नाही. गोव्यात २००७ पासून भरणाऱ्या ‘फिल्म बाजार’सारख्या उपक्रमांनी पटकथेच्या टप्प्यावर देशी-विदेशी सहनिर्माते मिळण्याची वाट उघडली. तेथे प्रकल्प मांडण्यासाठी लागणारी इंग्रजी आणि आत्मविश्वास ही भांडवलाचीच रूपे होत, आणि आंबोलीहून गोवा दोन-अडीच तासांवर असला तरी हे अंतर रस्त्याने मोजता येत नाही. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला २०२५ साली सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले, ही मराठीच्या दृष्टीने मोठी घटना होय. असे चित्रपट जगभर पाहिले जात असताना तालुक्याच्या गावी त्यांचे किती खेळ होतात, हा प्रश्न या यशानेच अधिक तीव्र केला आहे.

‘पिकासो’ मार्च २०२१ मध्ये चित्रपटगृहांऐवजी थेट अ‍ॅमेझॉन प्राइमवर प्रदर्शित झाला. लहान चित्रपटाला चित्रपटगृहाचे भाडे, खेळाची गैरसोयीची वेळ आणि पहिल्या आठवड्यातच उतरवले जाण्याची टांगती तलवार यांतून त्यामुळे सुटका मिळाली. दुसऱ्या बाजूने पाहता, ज्या दशावतारी मंडळांच्या जगण्यावर तो उभा आहे त्यांचा प्रेक्षक देवळासमोरच्या मांडवात, थंडीत घोंगडी पांघरून, शेकडोंच्या संगतीत रात्र काढणारा. आणि त्याच्यावरचा चित्रपट मात्र एकेकट्याने, वर्गणी भरून, हातातल्या फोनवर पाहायचा. जत्रेच्या दुसऱ्या रात्री, नाटकाच्या आधी, त्याच मांडवात पडदा लावून तो दाखवायला जनित्र, प्रक्षेपक आणि हक्कधारक कंपनीची परवानगी एवढेच लागेल. पहिल्या दोन गोष्टी सिंधुदुर्गातील कोणत्याही मांडववाल्याकडे भाड्याने मिळतात.